आईच्या नावाची हाक

तामा नदीच्या दक्षिण तीरावर, जिथे साम्राज्याचा शेवटचा फरसबंद रस्ता संपतो आणि पुढे केवळ गुरांच्या पायवाटा उरतात, तिथे एका बोडक्या टेकाडावर रोमन फौजेची ती छावणी उभी होती. आणि त्या दिवशीची पहाट उगवली ती खंदकातून वर चढलेल्या अशा दाट धुक्यात, की पूर्वेच्या बुरुजावरच्या पहारेकऱ्याला पश्चिमेच्या बुरुजावरचा जोडीदार दिसत नव्हता, केवळ त्याचा खोकला ऐकू येत होता. मातीचा रुंद तट, तटावर ओकाच्या फळ्यांचे कुंपण, चार दिशांना चार दरवाजे आणि आत ओळीने आखलेल्या बराकींत पाचशे शिपाई. रोमने ब्रिटनचे बेट जिंकून चाळीस वर्षे होत आली होती. परंतु या टेकाडावरून उत्तरेला पाहणाऱ्या कोणालाही तसे वाटले नसते.

उत्तरेला वेर्तोमींचा मुलूख होता. ही केल्ट लोकांची टोळी घोडे पाळी, जव पिकवी आणि रोमन माणसाची सावली पाण्यावर पडली तर ते पाणी गुरांना पाजत नसे. छावणीतल्या शिपायांनी त्यांची पवित्र राई सरपणासाठी तोडली होती. त्यावर वेर्तोमींनी सरपण आणायला गेलेल्या तीन शिपायांना त्याच राईच्या बुंध्यांवर बसवून ठेवले होते, मुंडक्यांवाचून. त्यानंतर तह झाला. तह होऊन वीस वर्षे लोटली. मैत्री कधीच झाली नाही.

तो तह टिकला होता एका रिवाजाच्या आधारावर. वेर्तोमी माणूस दुसऱ्याचा उंबरठा आपणहून ओलांडत नसे. आतल्याने त्याला त्याच्या नावाने, त्याच्या बापाच्या नावासह हाक मारावी लागे. आणि अशी हाक मारून आत घेतलेल्या माणसाच्या जिवाची जोखीम, तो बाहेर पडेपर्यंत, घरधन्याच्या शिरावर असे. दरसाल उन्हाळ्याच्या मध्यावर टोळीचे पाच सरदार तह नवा करण्यासाठी छावणीकडे येत, नदीच्या उतारापाशी शस्त्रे ठेवीत आणि खंदकाच्या पुलाशी थांबत. मग छावणीचा दुभाषी दरवाजात उभा राहून एकेकाला हाक मारी.

वीस वर्षे ही हाक तास्गिलने मारली. तास्गिल गॉल देशातून आलेला, बोलघेवडा, गुडघ्यांनी अधू झालेला माणूस. मागच्या हिवाळ्यात तो छातीच्या दुखण्याने गेला आणि त्याचे काम त्याच्या मुलीकडे आले. कारण दोन्ही भाषा बोलणारे दुसरे कोणी तिथे नव्हते. तिचे नाव लितुगेना. वय चौतीस. लग्न झाले नव्हते. बाप गेल्यावर ती रडताना कोणाला दिसली नाही, त्यामुळे बराकींत तिच्याविषयी बरे बोलले जात नसे.

त्या सकाळी धुके विरण्यापूर्वीच तिला सेनानीचे बोलावणे आले.

सेनानी गावियस फ्लोरस या सीमेवर येऊन सहाच महिने झाले होते. तो विद्वान होता आणि आपली विद्वत्ता वापरल्यावाचून ठेवत नव्हता. त्याच्या मेजावर लाकडाच्या पातळ पाट्यांची चळत होती. त्या पाट्यांवर तास्गिलने शाईने, आपल्या आखूड, डाव्या बाजूला कललेल्या अक्षरांत, वेर्तोमींच्या भाषेतले सहाशे शब्द आणि त्यांचे रिवाज लिहून ठेवले होते. दाराशी शतनायक ओपियस द्राक्षवेलीची छडी काखेत धरून उभा होता.

"बसू नकोस," गावियस म्हणाला. "फार वेळ लागणार नाही. आज दुपारी ते पाच जण येतील. तू त्यांना हाक मारशील. पाचवा आत आला की दरवाजा बंद होईल."

"आणि मग?"

"मग दुभाष्याचं काम संपलं."

लितुगेनाने खिडकीतून पाहिले. कोठाराच्या भिंतीमागे चाळीस तिरंदाज बसले होते आणि त्यांची तोंडे बाहेरच्या तटाकडे नव्हती, दरवाजाच्या आतल्या अंगणाकडे होती. घोडदळाचे घोडे मागच्या पागेत कोंडले होते, खोगिरे उतरवून. आलेल्या पाहुण्यांना काही संशय येऊ नये म्हणून. तिला आणखी काही विचारावे लागले नाही.

"सेनानी, ते निःशस्त्र येतात."

"म्हणूनच आज. इतर दिवशी त्या पाचांना गाठायचं तर मला पाचशे माणसं दलदलीत घालावी लागतील. सुभेदारांना शरद ऋतूच्या आत उत्तरेचा रस्ता मोकळा हवा आहे."

"हाक मारून आत घेतलेला माणूस—"

"तो त्यांचा धर्म. आपला नव्हे." गावियसने एक पाटी उचलून उजेडात धरली. "तुझ्या वडिलांचे मी फार ऋण मानतो. या सगळ्या पाट्या मला पाठ आहेत. 'पळा' म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. 'घात', 'बाण', 'मागे फिरा', 'येऊ नका' — सगळं ठाऊक आहे. मी तुझ्या पाठीशी दोन पावलांवर उभा असेन. यातला एक शब्द तुझ्या तोंडून निघाला तर पहिला बळी तुझा."

"आणि मी हाक मारलीच नाही तर?"

"तर मी मारीन. माझे उच्चार तुझ्याइतके चांगले नाहीत. पण ते येतील. वीस वर्षं येत आहेत."

हे खरे होते. ते आले असते. लितुगेनाच्या ध्यानात आले की नकार देऊन ती आपले हात स्वच्छ ठेवू शकेल, परंतु त्या पाचांचे प्राण त्याने वाचणार नाहीत. तिची नजर मेजावरच्या चळतीवर गेली. वरून चौथी पाटी. तिचा एक कोपरा उंदराने कुरतडलेला होता.

त्या पाटीत एक चूक होती, आणि ती चूक जगात फक्त तिला ठाऊक होती. निदान तिला तसे वाटत होते.

तास्गिल ज्या गावात जन्मला त्या गावी थोर माणसाला त्याच्या आईच्या नावाने हाक मारीत. तो मोठा मान समजला जाई. वेर्तोमींची भाषा त्याच्या भाषेला जवळची, म्हणून रिवाजही तोच असेल असे धरून त्याने इथे आल्या आल्या पाटीवर लिहून टाकले: 'मान्यवरांस मातेच्या नावाने हाक मारावी.' मग एका सरदाराला तशी हाक मारली, आणि क्षणार्धात त्याच्या गळ्याला तीन भाले लागले. कारण वेर्तोमींमध्ये आईच्या नावाने हाक मारतात ती फक्त मेलेल्या माणसाला. चितेपाशी उभे राहून घरची बाई ती हाक मारते: अमुक बाईच्या मुला, आत ये; आणि ज्या भूमीने त्याला आईच्या पोटातून बाहेर पाठवले, ती भूमी त्याला परत आत घेते. तास्गिल वाचला तो त्याच्या गुडघ्यांवर रांगण्यामुळे आणि त्यात त्या सरदाराला हसू आल्यामुळे. "मी एका धडधाकट माणसाचं प्रेत केलं, पोरी," तो पुढे कितीदा तरी मुलीला सांगे, "आणि तो जेवायला थांबला!" पाटीवरची ओळ खोडायचे मात्र त्याच्याकडून राहून गेले. तो गेल्यावर पाट्या सेनानीकडे देण्यापूर्वी लितुगेनाने ती ओळ खरवडण्यासाठी सुरी हातात घेतली होती. पण ते अक्षर त्याचे होते. तिने सुरी ठेवून दिली.

"सेनानी," ती म्हणाली, "हाक साधी मारू की मानाची?"

गावियसच्या भुवया उंचावल्या. "फरक काय?"

"साधी बापाच्या नावाने. मानाची कशी, ते वडिलांनी लिहिलं असेल."

त्याने पाट्या चाळल्या. चौथ्या पाटीवर त्याचे बोट थांबले आणि कोडे स्वतःच सोडवल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर पसरला. "मातेच्या नावाने! बरोबर. ही गोष्ट मी वाचली होती. एवढी वर्षं तुम्ही त्यांना साध्या हाकेवर आणलंत? आज मानाने आण. आनंदाने येतील. त्यांच्या आयांची नावं ठाऊक आहेत?"

"आहेत."

दाराशी छडीचा आवाज झाला. ओपियसने ती काखेतून काढून जमिनीवर टेकवली होती.

लितुगेनाने वळून पाहिले. ओपियसचे बिऱ्हाड तटाबाहेरच्या झोपड्यांत होते. तिथे त्याची वेर्तोमी बायको राहत होती, शिपायांच्या कायद्याला मान्य नसलेली आणि सगळ्या छावणीला ठाऊक असलेली. मागच्या हिवाळ्यात, झोपडीवाल्या बायका तास्गिलच्या चितेभोवती उभ्या असताना आणि लितुगेनाने वाऱ्यात ओरडून "तास्गिल, सागिलेच्या मुला, आत ये" अशी हाक मारली असताना, हाच ओपियस शिरस्त्राण काढून मागे उभा होता.

ओपियस तिच्याकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर दया नव्हती.

"शतनायक, काही म्हणायचं आहे?" गावियसने विचारले.

"नाही, सेनानी. छडी निसटली."

दुपारी धुके फाटले आणि नदीचा उतार स्वच्छ दिसू लागला. पाच जण घोड्यांवरून उतरले, तलवारी आणि भाले एका सपाट खडकावर मांडले आणि चालत निघाले. पुढे आर्तोमार होता, सत्तरीचा, शुभ्र मिशांचा, टोळीतला सर्वांत थोर. सर्वांत मागे ब्रिगान, गेल्याच वर्षी सरदारी मिळालेला. तो दोन्ही हात हलवीत, दरवाजावरच्या शिपायांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या उघड्या पोटऱ्यांची चेष्टा करीत चालला होता. दरवाजावरचे शिपाई त्याला त्याच्या आईबहिणीवरून उत्तरे देत होते. दरसाल असेच होत असे.

खंदकाच्या पुलापलीकडे ते थांबले. पुलापासून दरवाजा तीस पावलांवर होता.

लितुगेना दरवाजाच्या चौकटीत उभी राहिली. तिच्या मागे गावियस, त्याच्या बाजूला ओपियस. तिला तिरंदाज दिसत नव्हते. चाळीस माणसे गप्प बसल्याचा जो एक आवाज असतो तो येत होता. तिने दोन्ही हात तळवे वर करून पुढे केले, जसे तिचा बाप करी.

"तास्गिलची लेक आज बोलावणार वाटतं," आर्तोमार पुलापलीकडून म्हणाला. "आवाज पुरेल का तुझा, पोरी? त्याचा आवाज नदीपलीकडच्या गाईंना ऐकू जायचा."

"पुरेल, काका."

"मग बोलाव. ऊन लागतंय."

तिने छाती भरून श्वास घेतला.

"आर्तोमार!" तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "ब्रिकेच्या मुला, आत ये!"

टेकाडाखाली गुरे वळणारा एक माणूस जागच्या जागी उभा राहिला.

आर्तोमारने उचललेला पाय तसाच राहिला. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर संताप उसळला, वीस वर्षांपूर्वी त्या सरदाराच्या चेहऱ्यावर उसळला होता तसाच. कारण अशी हाक ही शिवी होती, आणि शिवीपेक्षा वाईट होती. लितुगेनाने डोळे खाली घातले नाहीत. ती पुढच्या नावाकडे वळली.

"सेगोरिक, अंदुनेच्या मुला, आत ये!"

"हे काय चालवलंय हिने?" सेगोरिक पुटपुटला.

"काट्व, मातुगेच्या मुला, आत ये! तारान, सिलोनेच्या मुला, आत ये!"

आता तिचा आवाज फुटू लागला होता, चितेपाशी फुटतो तसा; आणि ते ढोंग नव्हते. आर्तोमारने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले, तिच्या खांद्यामागच्या शिरस्त्राणाकडे पाहिले, तटावर जिथे दरसाल शिपायांची गर्दी असे त्या आज ओस पडलेल्या फळ्यांकडे पाहिले. आणि त्याचा संताप मावळून त्या जागी एक अतिशय शांत भाव आला.

"ब्रिगान," ती शेवटी म्हणाली, "वेनिलेच्या मुला, आत ये."

"माझी आई तर घरी लोणी घुसळतेय!" ब्रिगान ओरडला. "ही बाई—"

आर्तोमारने नुसता हात उचलला आणि तो गप्प झाला. मग त्या वृद्ध सरदाराने आपले दोन्ही तळवे लितुगेनासारखेच वर केले आणि भरसभेत बोलावे तशा जुन्या, संथ, दरबारी भाषेत उत्तर दिले:

"हाक ऐकली. जिथे बोलावलंस ते घर सर्वांचंच आहे. तिथे यायला कोणी नाही म्हणत नाही. पण ती वाट लांबची. तिची तयारी घरी जाऊन करावी लागते. ब्रिगान, तुझ्या आईलाच विचारून ये, ती तुला सोडते का ते."

"तयारी?" गावियस लितुगेनाच्या कानाशी कुजबुजला. प्रत्येक शब्द त्याला कळला होता. "कसली तयारी? आत का येत नाहीत?"

पाचही सरदार वळले होते. ते पळाले नाहीत. आर्तोमार चालत होता म्हणून बाकीच्यांनाही चालावे लागले. नदीकाठच्या वाळुंजांपाशी पोहोचेपर्यंत ते चालले, आणि मग झाडांआड गेल्यावर घोड्यांच्या टापा वाजल्या.

"तिरंदाज!" गावियस गरजला. पण तिरंदाज कोठारामागे होते आणि त्यांच्यापुढे रिकामे अंगण होते. "घोडदळ! खोगिरं!" ती खोगिरे त्यानेच उतरवायला लावली होती. पहिला घोडा दरवाजाबाहेर पडला तेव्हा उतारावरच्या खडकावर एकही तलवार उरली नव्हती.

गावियसने लितुगेनाचा दंड धरून तिला अंगणाच्या मधोमध ओढले.

"काय बोललीस?"

"पाटीत आहे तेच, सेनानी. आपल्यासमोरच."

त्याने पाटी मागवली. वाचली. पुन्हा वाचली. ओळ तिथेच होती, मेलेल्या माणसाच्या अक्षरात, निःसंदिग्ध. मग त्याने मान वर केली.

"ओपियस. तू वीस वर्षं या टेकाडावर आहेस. या हाकेचा अर्थ काय?"

अंगणात चाळीस माणसे धनुष्ये टेकून उभी होती. एका शब्दाने बाई मरणार होती. लितुगेनाने ओपियसकडे पाहिले नाही. ती समोरच्या कोठाराची भिंत पाहत होती.

"मला त्यांची भाषा येत नाही, सेनानी," ओपियस म्हणाला. "शिव्या तेवढ्या येतात. ही त्यातली नव्हती."

तिरंदाजांत कोणीतरी फिसकन हसले.

गावियस विद्वान होता, आणि विद्वान माणसाला लिहिलेल्या ओळीविरुद्ध शिक्षा देता येईना. त्याने तिला अपशकुनी ठरवले. सूर्य मावळण्याच्या आत तिने तटाची आणि झोपड्यांची हद्द सोडावी, परत दिसली तर हेर समजून मारावी, असा हुकूम झाला. तास्गिलची राख छावणीच्या स्मशानात, म्हणजे हद्दीच्या आत होती. पाट्या सेनानीने ठेवून घेतल्या.

उत्तरेच्या दरवाजापर्यंत तिला ओपियसने नेले. तिथे त्याने तिला पाठीत असा धक्का दिला की ती पुलावर गुडघ्यांवर पडली.

"आभार मानू नकोस," तो म्हणाला. "तोंड उघडलंस तर इथंच चिरीन. आज पाच मेले असते. आता शरद ऋतूत पाचशे मरतील, त्यांतले निम्मे माझे. कळतंय का काय केलंस ते?"

"कळतंय."

"सेगोरिक माझ्या बायकोचा भाऊ आहे. म्हणून गप्प बसलो. तुझ्यासाठी नाही." तो थुंकला. "तुझा बाप मूर्ख होता. लिहिलेलं तपासायची अक्कल नव्हती त्याला."

"नव्हती," लितुगेना उठत म्हणाली.

ओपियसचे शब्द खरे ठरले. शरद ऋतूत लढाई पेटली आणि तीन वर्षे चालली. उत्तरेचा रस्ता झाला नाही. दुसऱ्या हिवाळ्यात तामेच्या उतारावर ओपियस पडला. कोणाच्या भाल्याने, हे कोणी विचारले नाही. गावियस फ्लोरसची दक्षिणेला बदली झाली. तोवर तो त्याच पाट्या वाचून वेर्तोमींच्या वकिलांशी बोलत होता, आणि मान देण्याच्या हेतूने त्यांना ज्या हाका मारी त्यामुळे कोणतीही बोलणी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकली नाहीत.

लितुगेना वेर्तोमींच्या वस्तीत पोहोचली तेव्हा तिचे स्वागत झाले नाही. टेकाडाखालच्या त्या गुराख्याने हाक ऐकली होती आणि तो आडवाटेने धावत सुटला होता. सरदार घोड्यांवर होते खरे, पण पाठलाग चुकवण्यासाठी ते दलदलीला वळसा घालून आले. गुराखी त्यांच्या आधी पोहोचला आणि पाचही जण गेले असे त्याने वस्तीत सांगितले. ते घरी आले तेव्हा त्यांच्या चुली विझवलेल्या होत्या. रिवाज मोडता येत नव्हता: मेल्याची हाक पडून चूल विझलेल्या माणसांना नऊ दिवस वस्तीबाहेर राहावे लागले, कोणी त्यांच्याशी बोलले नाही, आणि दहाव्या दिवशी नवी नावे घेऊन ते परत आले. आर्तोमारने सत्तराव्या वर्षी नवे नाव घेतले, आणि ते त्याच्या स्वतःच्याच ध्यानात राहत नसे. लितुगेनाला ओढ्यापलीकडे एक पडकी झोपडी मिळाली. तिच्यासमोर कोणी कोणाचे नाव घेत नसे. ती दिसली की आया मुलांच्या कानांवर हात ठेवीत.

अकराव्या दिवशी तिच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. पंचविशीची, दणकट बांध्याची, आणि डोक्यावरचे केस कातरीने वेडेवाकडे कापलेले, मेंढी भादरल्यासारखे. ती ब्रिगानची बायको मोरिना होती. नवरा गेल्याची बातमी ऐकताच तिने रिवाजाप्रमाणे कमरेपर्यंतचे केस कापून चुलीत टाकले होते.

"सात वर्षं," मोरिना म्हणाली. "एवढे वाढायला सात वर्षं लागतील मला. बायका हसतात. नवरा जिवंत आणि डोकं विधवेचं."

लितुगेना उंबऱ्यापर्यंत आली.

"तोही हसतो. मेला हसतो! रात्री डोक्यावरून हात फिरवतो आणि हसतो." तिचा आवाज चढला होता आणि डोळे भरून आले होते, पण रागाने की कशाने हे तिलाही सांगता आले नसते. तिने काखेतली पिशवी काढून उंबऱ्याच्या आत, जमिनीवर आदळली. पिशवीतून थोडे जव सांडले.

"नीट निवडून घे," ती म्हणाली. "खडे आहेत त्यात."

आणि ती तिथेच दारात बसली आणि सांडलेले दाणे वेचू लागली.